खरे माप

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका संध्याकाळी मी सोसायटीचे हिशेब लिहीत बसलो होतो. नाहूरच्या आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे, लहानथोर मिळून शंभरेक माणसे. मुंबईतील बहुतेक सोसायट्यांप्रमाणे आमच्याकडेही घरोघरी पाण्याचे मीटर नाहीत. साऱ्या इमारतीचा मिळून एकच मीटर, आणि येणारे बिल बिऱ्हाडांत वाटायचे. खजिनदार म्हणून ते काम माझ्याकडे होते. ओळीने तीन बिले उतरत आली होती. सभासद खूश होते आणि, खरे सांगायचे तर, मीही.

त्या संध्याकाळी सहज भागाकार करून पाहिला. मीटरच्या म्हणण्याप्रमाणे इमारतीला दिवसाला ४,००० लिटर पाणी लागत होते; म्हणजे माणशी ४० लिटर. शहरात माणशी दररोज १३५ लिटर हा आपल्या देशातील मानदंड. चाळीस लिटरांत आंघोळ, धुणे, भांडी उरकणारे तपस्वी आम्ही खचितच नव्हतो! मीटर म्हातारा झाला होता. त्याचे आतले चाक वर्षानुवर्षे फिरून झिजते, त्यात गाळ बसतो. टाकी भरत आली की बारीक धारेने येणारे पाणी तर त्याला जाणवतही नाही. पाणी येतच राहते, मोजले मात्र जात नाही.

दररोज सुमारे साडेनऊ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर पाणी आम्ही बिनहिशेबी वापरत होतो. घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला साडेसहा रुपयांच्या आसपास. त्या हिशेबाने बिऱ्हाडामागे महिन्याला पाऊणशे रुपये वाचत होते. एवढ्या रकमेसाठी आपण होऊन कोण सांगायला जाईल?

सभेत हाच प्रश्न निघाला. “शहराच्या नळांतून एवढे पाणी गळते, ते आधी थांबवू द्या,” असे एक सभासद म्हणाले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एका गृहस्थांना थकबाकीची धास्ती वाटली. त्यांची काळजी खोटी नव्हती. मीही गप्प बसलो.

आमचा जिना पुसणारी बाई शहापूर तालुक्यातली. टँकरचा हिशेब तिच्या कानी पडला. हातातले फडके तसेच धरून ती म्हणाली, “रोजचा एक टँकर? आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात चार दिवसांनी एक येतो, काका.”

तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे तिच्याच तालुक्यात आहेत. भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र आमच्या शेजारी, म्हणून पाणी आम्हाला घरचेच वाटत आले. ते कुणाच्या दारावरून येते, हे कधी मनात आले नव्हते.

नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा निषेध आहे. आम्ही काटा मारला नव्हता, हे खरे. पण मारल्या गेलेल्या काट्याचा नफा मुकाट्याने घेत होतो. जक्कय चौपट परत द्यायला उभा राहिला. आम्हाला तर जेवढ्यास तेवढेच द्यायचे होते!

पुढच्या सभेत अर्ज करण्याचे ठरले. मीटर तपासला गेला, नवा बसला. बंद वा मंद मीटरचे खरे आकडे कुणालाच सांगता येत नाहीत. म्हणून मीटर नीट चालत होता त्या काळातील वापराची सरासरी धरून आमच्याकडून फरक घेण्यात आला. निवृत्त गृहस्थांचा वाटा सोसायटीने हप्त्यांनी घेतला. पुढचे बिल वाढून आले, तेव्हा थोडी कुरकुर झाली. ती अजूनही अधूनमधून होते.

तीन बिलांच्या माझ्या मौनाला मात्र सरासरी लावता येत नव्हती. त्याचे पापनिवेदन मी केले. त्या वर्षी पुनरुत्थानाच्या जागरणविधीत धर्मगुरूंनी पवित्र पाणी शिंपडले. कपाळावर पडलेले थेंब मी पुसले नाहीत. पाड्यावर टँकरची वाट पाहणारे हंडे डोळ्यांपुढे उभे होते.