नागावची विहीर आणि परदेशातला निधी

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की अक्षीनंतर नागावच्या वाड्या लागतात. रस्त्यालगत घर, घरामागे विहीर, विहिरीवरून निघालेले पाट, पाटांच्या दोन्ही अंगांना सुपारी आणि नारळ. वाडी संपली की सुरूची झाडं आणि पुढे पुळण. पूर्वी या विहिरींवर रहाट चालायचे, आता मोटारी चालतात. वाड्यांमध्ये पाहुण्यांसाठी खोल्याही झाल्या आहेत. शुक्रवार संध्याकाळपासून मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊ लागतात आणि रविवार दुपारपर्यंत घरच्या चार-पाच माणसांच्या जोडीला वीस-पंचवीस पाहुणे त्याच विहिरीचं पाणी वापरतात. वापरलेलं पाणी वाडीतल्याच सेप्टिक टँकमध्ये जातं, तिथून शोषखड्ड्यात आणि शोषखड्ड्यातून वाळूत. विहिरीचे झरेही त्याच वाळूतून येतात.

मी पाण्यातल्या जंतूंचा अभ्यास करते, त्यातही औषधांना दाद न देणाऱ्या, म्हणजे रोधक, जंतूंचा. या विषयावर जगभर संशोधनासाठी पैसा उभा राहिला आहे आणि त्यातला काही भारतातही खर्च होतो. तो मुख्यतः औषध कारखान्यांच्या सांडपाण्याकडे आणि महानगरांतल्या नद्यांकडे वळतो. तिथे तो हवाच. पण वाडीतला शोषखड्डा आणि विहीर यांच्यामध्ये जे घडतं त्याकडे फार थोडे पाहतात, आणि किनाऱ्यावरच्या गावांचा खरा प्रश्न तिथेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी जंतूंचं सांगते. अमॉक्सिसिलिनची गोळी घेतली की तिचा निम्म्याहून अधिक भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. टाकीत पोचेपर्यंत औषध इतकं विरळ होतं की त्याने जंतू मरत नाहीत. मात्र ज्या जंतूंकडे त्या औषधाला तोंड देण्याची सोय आहे, त्यांना इतरांपेक्षा वरचढ ठरवायला एवढीशी मात्राही पुरू शकते. ही सोय ज्या जनुकात असते ते पुष्कळदा जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतं. प्लाझ्मिड नावाच्या वेगळ्या, छोट्या वर्तुळावर असतं. त्या वर्तुळाची प्रत एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, शेजारी वेगळ्या जातीचा असला तरीही. टाकीत कोट्यवधी जंतू दाटीवाटीने राहतात. शहरातल्या रुग्णालयात उपचार घेऊन आलेल्या एखाद्या पाहुण्याच्या आतड्यात असा जंतू असेल, तर तो गुण देण्याघेण्याला याहून सोयीची जागा नाही.

महाराष्ट्राने हे संकट फार जवळून पाहिलं आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कार्बापेनेम ही तेव्हाची जवळजवळ शेवटची फळी मानली जाणारी औषधं. त्यांना न जुमानणारे आतड्यातल्या कुळाचे २४ जंतू त्यांनी तीन महिन्यांत गोळा केले होते, आणि त्यांपैकी २२ जंतूंमध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडलं. पुढच्या वर्षी दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास आला. पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत तेच जनुक होतं. जनुकाच्या नावातली पहिली दोन अक्षरं 'न्यू दिल्ली'ची का, यावर आपल्याकडे बराच गदारोळ झाला. रुग्णालयाबाहेरच्या पाण्यात ते काय करतंय, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं.

नागावच्या दृष्टीने मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१४ मध्ये आलेला अभ्यास, न्यूकॅसल विद्यापीठ आणि दिल्लीची आयआयटी यांनी मिळून केलेला. त्यांनी गंगेच्या वरच्या अंगाला, ऋषिकेश-हरिद्वारच्या परिसरात, थंडीत आणि यात्रेच्या हंगामात पाणी तपासलं. तिथे पाणी एरवी बरंच स्वच्छ असतं. यात्रेची गर्दी झाली की एनडीएम-१ चं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, असं दिसलं. यात्रेकरूंची संख्या आणि मैलापाण्याची अपुरी सोय, हे त्यामागचं कारण. ऋषिकेशला यात्रेचा हंगाम असतो. नागावला तो दर शनिवारी-रविवारी असतो, शिवाय दिवाळीत, नाताळात आणि मेच्या सुट्टीत.

२०१८ आणि २०१९ मध्ये आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी हीच दिशा दाखवली. एकात अनेक देशांची आकडेवारी तपासली गेली, दुसऱ्यात ६० देशांतल्या ७९ ठिकाणांचं सांडपाणी. एखाद्या देशात रोधक जंतू किती पसरलेत याचा संबंध तिथे औषधं किती खपतात यापेक्षा स्वच्छता, पाणीपुरवठा आणि आरोग्यव्यवस्था कशी आहे याच्याशी अधिक घट्ट निघाला. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेणं थांबवायलाच हवं. पण तेवढ्याने भागणार नाही.

आता पैशाचं. परदेशी मदत आणि प्रतिजैविकं यांचा महाराष्ट्रातला संबंध जुना आहे. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये उभी राहिली ती युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने. तेव्हा मदत हवी होती ती देशात पेनिसिलिन बनवण्यासाठी, आणि त्या कारखान्याने असंख्य माणसांचे जीव वाचवले. आज मदत मिळते ती पाण्यात उतरलेल्या औषधांचा आणि त्यांना सरावलेल्या जंतूंचा माग काढण्यासाठी. २०२० मध्ये ब्रिटन आणि भारताने औषधनिर्मितीच्या सांडपाण्यावर पाच संयुक्त प्रकल्प जाहीर केले. ब्रिटनचे ४० लाख पौंड आणि तेवढाच भारताचा वाटा. त्यांपैकी एका प्रकल्पात हैदराबादची मुसी आणि चेन्नईची अड्यार या नद्या घेतल्या होत्या. त्याच वर्षी युरोपात पाणी, समुद्र आणि औषधरोध या तीन वेगळ्या संशोधन आघाड्यांनी एकत्र येऊन पाण्यातल्या प्रदूषकांवर आणि रोगजंतूंवर एकच संयुक्त निधी काढला. एरवी पाण्याचा अभियंता, समुद्राचा अभ्यासक आणि डॉक्टर एकमेकांचं लेखन वाचत नाहीत. एका अर्जाने त्यांना एका टेबलाशी बसवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

'परदेशी निधी' म्हटलं की पैशाची पेटी तिकडून इकडे येते, असा समज असतो. अशा संयुक्त योजनांत बहुधा तसं होत नाही. ब्रिटनचा पैसा ब्रिटिश प्रयोगशाळांना जातो, भारतातल्या संशोधकांना आपला जैवतंत्रज्ञान विभाग देतो. म्हणजे कोणत्या जागेचा अभ्यास व्हावा हे ठरवण्यात आपलाही अर्धा अधिकार आहे. नमुने मुसीचे घ्यायचे की कुंडलिकेचे, हे कोणी लंडनमध्ये बसून ठरवत नाही.

कुंडलिकेचं नाव मुद्दाम घेतलं. नागावच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, रेवदंडा आणि कोर्लईच्या मधून ती समुद्राला मिळते. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहते. तिच्याच काठी रोह्याजवळ धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे आणि तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी खाडीत सोडलं जातं. खाडीतली मासळी रेवदंड्याच्या आणि अलिबागच्या बाजारात येते. अशा सांडपाण्यात प्रतिजैविकं किती असावीत याच्या मर्यादा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या मसुद्यात घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या गाळल्या गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकं बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वं दिली, तेव्हा आपण त्या मर्यादा परत आणायला हव्या होत्या. संशोधनावर पैसा खर्च करायचा आणि त्यातून निघालेला आकडा कायद्यात येऊ द्यायचा नाही, हे मला मान्य नाही.

पैसा आटतोही, हे विसरून चालत नाही. ब्रिटनने २०१५ मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या प्रयोगशाळांसाठी फ्लेमिंग फंड सुरू केला. २६ कोटी ५० लाख पौंडांचा हा निधी, भारतही त्याच्या यादीत होता. तो बंद करत असल्याचं ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत सगळ्या देशांनी एकमुखाने ठरवलं होतं की रोधक जंतूंशी निगडित मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी कमी करायचे. २०१९ मध्ये असे मृत्यू जगभरात ४९ लाख ५० हजार होते.

म्हणून, मागे काहीतरी टिकाऊ ठेवून जाणारा पैसा मी अधिक मोलाचा मानते. २०१२ मध्ये युरोपीय संघ आणि आपला विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी मिळून 'नावाटेक' हा प्रकल्प घेतला आणि पुण्यात-नागपुरात वनस्पतींच्या आधारे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या पाणथळ वाफ्यांचे प्रयोग उभे केले. पुण्यात सांडपाण्यावरून रोगजंतूंवर लक्ष ठेवण्याच्या कामाला पुढे रॉकफेलर फाउंडेशनचं पाठबळ मिळालं. पण माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाईची आहे. तिथे गेट्स फाउंडेशनच्या मदतीने आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मार्गदर्शनाने नगरपालिकेने दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची सेप्टिक टाकी ठरलेल्या वेळापत्रकाने उपसायची पद्धत घातली. टाकी भरून वाहायची वाट पाहायची नाही. उपसलेला मैला ओढ्यात ओतायचा नाही. तो २०१८ मध्ये उभारलेल्या प्रक्रिया केंद्रात जातो आणि तिथे उष्णतेने त्याची विल्हेवाट लागते. त्या तापमानाला रोधक जंतूही टिकत नाही. वाईत मुख्यतः मिळालं ते वेळापत्रक, आणि बाहेरचा पैसा थांबला तरी ते चालू ठेवता येतं.

पण वाई नगरपालिका आहे, नागाव ग्रामपंचायत. शहरांसाठीच्या योजना गावाच्या वेशीशी थांबतात, आणि पर्यटकांमुळे नागावसारख्या गावाचं सांडपाणी सुट्टीत छोट्या शहराएवढं होतं. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा असं भारतीय मानक सांगतं. अरुंद वाडीत, दोन्ही शेजाऱ्यांच्या विहिरी धरून, हे अंतर राखणं कठीण जातं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वाकून हाताला लागेल इतकं वर येतं; तेव्हा शोषखड्ड्याच्या तळाशी कोरडी वाळू उरत नाही आणि गाळण होत नाही.

इथे संशोधन करायला मोठी यंत्रं लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्हींत एकच जंतू मोजण्याची सोपी पद्धत दिली आहे. निर्जंतुक बाटलीत विहिरीचं पाणी घ्यायचं, बर्फात घालून प्रयोगशाळेत न्यायचं, बारीक गाळणीच्या कागदातून गाळायचं आणि तो कागद सेफोटॅक्झिम हे औषध मिसळलेल्या थाळीवर ठेवायचा. रात्रभर उबेत ठेवल्यावर जे निळसर-हिरवे ठिपके उठतात ते औषधाला दाद न देणारे ई. कोलाय. औषध न घातलेल्या दुसऱ्या थाळीवरचे ठिपकेही मोजायचे, म्हणजे शंभरात किती हे कळतं. शुक्रवारी सकाळी एकदा, सोमवारी सकाळी एकदा. मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये. टाकी उपसण्याआधी आणि नंतर. शोषखड्ड्यापासूनचं अंतर टेपने मोजून शेजारी लिहायचं. अशा नोंदींसाठी लागणारा पैसा कोट्यवधींच्या प्रकल्पांतल्या एखाद्या यंत्राच्या किमतीत सहज बसेल.

वाडीमालकांनी मात्र संशोधनाची वाट पाहू नये. उकळलेल्या पाण्यात रोधक जंतूही मरतो आणि क्लोरिनसमोरही तो एरवीच्या जंतूसारखाच हरतो. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नेमाने आणि योग्य मात्रेत टाका, पिण्याचं पाणी उकळा. टाकी दर तीन वर्षांनी उपसून घ्या आणि गाडीवाल्याला विचारा की हे कुठे रिकामं करणार. उरलेल्या गोळ्या संडासात टाकू नका, पाहुण्यांनाही सांगा.

जिल्हा परिषद अलिबागला आहे, नागावपासून जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर. नागाव, अक्षी, चौल आणि रेवदंडा या चार गावांसाठी मिळून टाक्या उपसण्याचं एक वेळापत्रक आणि एक प्रक्रिया केंद्र तिने करावं. आणि जे संशोधक पुढच्या संयुक्त निधीसाठी प्रस्ताव लिहायला बसतील त्यांना माझी विनंती आहे: नमुन्यांच्या जागांच्या यादीत मुसी आणि यमुनेच्या खाली अष्टागरातल्या, म्हणजे या किनारपट्टीतल्या, विहिरी लिहा.