तार आणि स्वभाव

आमच्या घराण्यांत जमीनजुमला असा कधींच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या हातीं आलेली मिळकत म्हणजे पुढें आलेले वरचे दांत. पणजोबांच्या छायाचित्रांत ते मिशीआड लपले आहेत, आजोबांना मिशी नसल्यामुळें ते उघड्यावर पडले, आणि आम्हीं स्वतः ते पन्नास वर्षें आरशांत पाहत आलों आहों. आमच्या दोन्ही मुलींनीं हा वारसा समसमान वांटून घेतला, तेव्हां मात्र सौभाग्यवतीनें त्यावरील हक्क सोडावयाचें ठरविलें. एका मे महिन्यांत, थोरली चौदा वर्षांची व धाकटी बारांची असतां, डोंबिवलींत फडके रोडजवळ राहणाऱ्या व वांकडे दांत सरळ करणें एवढाच व्यवसाय असलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे एकाच सकाळीं दोघींच्या दांतांना तारा बसल्या.

बाईंनीं अगोदरच बजावलें होतें. तार बसवितांना फारसें दुखत नाहीं. दुखणें सुरू होतें तें कांहीं तासांनीं, दुसऱ्या दिवशीं शिगेस पोंचतें, आणि आठवड्याभरांत ओसरतें. दांत आणि हाड यांच्यामध्यें तंतूंचा जो पातळ पडदा असतो तो तारेच्या रेट्यानें एका बाजूस दाबला जातो व दुसऱ्या बाजूस ताणला जातो. दाबाकडचें हाड झिजतें, ताणाकडे नवें हाड भरतें, आणि दांत आपली जागा सोडतो. या उलाढालींत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. ठणका लागण्यांत त्यांचा मोठा हात असतो. म्हणजे दोघींच्या तोंडांत एकच कारखाना सुरू झाला होता. तार एकाच प्रतीची, हात एकाच बाईंचे, आणि दांतही एकाच सांच्यांतले.

संध्याकाळीं थोरलीनें घर डोक्यावर घेतलें. मऊ भात नको, वरण नको, ‘ह्या तारा आत्तांच्या आत्तां काढा’, आणि मधूनमधून आमच्या घराण्याचा उद्धार. धाकटी खिडकींत पुस्तक घेऊन बसली होती. “तुला नाहीं ग दुखत?” असें विचारतां तिनें नुसती मान हलविली. आम्हीं तिच्या पाठीवर थाप मारली, आणि थोरलीला ऐकूं जाईल अशा बेतानें म्हटलें, “बघ, लहान असून कशी सोसते! रडत नाहीं ती.”

हें वाक्य आमच्या तोंडून इतक्या सहजीं कां निघालें याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. आगगाडी ठाण्यास १८५३ च्या एप्रिलांत आली आणि कल्याणास १८५४ च्या मेमध्यें. तेव्हांपासून या पट्ट्यांतल्या माणसाचा स्वभाव घडविण्यांत आईबापांच्या खालोखाल रेल्वेचाच वांटा असावा. तीस वर्षें आम्ही डोंबिवलीहून सकाळच्या जलद गाडीनें नोकरीस गेलों. आपला पाय दुसऱ्याच्या पायावर, तिसऱ्याचें कोपर आपल्या बरगडींत. तेथें जो कुरकुरतो तो नवखा, आणि जो गप्प उभा राहतो तो आपल्यांतला. ही गाडीची नीति आम्हीं न कळत घरीं आणली होती.

आठव्या दिवशीं दोघींना घेऊन आम्ही ठाण्यास, नौपाड्यांत आमच्या बहिणीकडे गेलों. आत्यानें भाच्यांसाठीं मामलेदारची मिसळ आणवून ठेवली होती. थोरलीचा ठणका तोंवर ओसरला होता. तिनें पाव तर्रींत बुडवून बुडवून खाल्ला. धाकटीनें एक घांस घेतला मात्र, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळां पाणी वाहूं लागलें. आम्ही हंसलों. ‘ठाण्याची मिसळ आहे ती, डोंबिवलीची नव्हे’, असा एक विनोदही केल्याचें स्मरतें. बहीण हंसली नाहीं. तिनें धाकटीला दिव्याखालीं नेलें, तोंड उघडावयास लावलें, आणि आम्हांस हांक मारली. शेवटच्या दाढेमागें तारेचें टोंक बाहेर सरकून गालांत रुतलें होतें, आणि तेथें तुरीच्या दाण्याएवढें पांढरें क्षत पडलें होतें. टोंचूं लागल्यास लावावयाला म्हणून बाईंनीं दिलेली मेणाची डबी तिच्या खणांत तशीच बंद होती, हें घरीं परतल्यावर कळलें.

“अग, सांगायचें नाहीं का?” बहिणीनें विचारलें.

“बाबा म्हणाले होते ना, मी रडत नाहीं म्हणून.”

मिसळ मग तशीच राहिली.

स्वभावाचा आणि दुखण्याचा संबंध काय, याविषयीं हातीं लागेल तें आम्ही वाचूं लागलों. दांतांना तारा लावलेल्या रुग्णांवर असे अभ्यास बरेच झाले आहेत. प्रश्नावली देऊन माणूस चिंताळु आहे कीं निवांत, बोलका कीं अबोल, हें अजमावतात. मग दहा सेंटिमीटरची एक रेघ पुढें ठेवतात. डावें टोंक म्हणजे मुळींच दुखत नाहीं, उजवें म्हणजे याहून अधिक दुखूंच शकत नाहीं. त्या रेघेवर रुग्णानें खूण करावयाची. निष्कर्ष एकमुखी नाहींत. चिंताळु माणसांची खूण उजवीकडे सरकते असें कित्येकांस आढळलें, तर कित्येकांस हा संबंध अगदीं पुसट दिसला. उपचार ज्याला मनापासून हवा असतो त्याला त्रास कमी जाणवतो, असेंही पुष्कळांनीं नोंदलें आहे. आम्हांस मात्र राहून राहून वाटे, कीं रेघेवर उमटते ती दुखण्याविषयींची साक्ष, आणि साक्ष देणारा कोणासमोर उभा आहे हें कोण पाहतो?

दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरानें गंभीर जखमी सैनिकांना विचारलें, तेव्हां चारांतल्या तिघांनीं वेदनाशामक नको म्हणून सांगितलें. १९४६ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. जखम म्हणजे लढाईंतून जिवंत सुटका, म्हणून ती कमी दुखली, असा अर्थ बीचर यांनीं लावला. तो खराही असेल. पण शेजारच्या खाटेवर आपलाच सोबती पडला असतां ‘दुखतें’ म्हणावयास किती जणांची जीभ उचलली असती, ही शंका आमच्या मनांतून जात नाहीं.

२००५ सालचा एक अमेरिकन अभ्यास तर आम्ही डोंबिवलींतल्या प्रत्येक बापास वाचावयास देऊं. तारा बसलेल्या दीडशे रुग्णांचे तीन गट केले. एकाला दवाखान्यांतून फोन करून काय करावें तें नीट सांगितलें, दुसऱ्याशीं फोनवर नुसतेच दोन शब्द बोलले, तिसऱ्याला फोनच नाहीं. फोन आलेल्या दोन्ही गटांना कमी दुखलें, आणि फोनवर काय बोललें गेलें यानें फारसा फरक पडला नाहीं.

थोरलीनें आपणहून डॉक्टरीणबाईंना पहिल्या आठवड्यांत तीनदां फोन केला होता! तिनें मेण लावलें, मिठाच्या कोमट पाण्यानें गुळण्या केल्या, आणि पुढें तारांना अडकवावयाचीं रबरें आलीं तेव्हां आरडाओरडा करीत कां होईना, तीं रात्रंदिवस लावलीं. धाकटी रबरें दुखूं लागलीं कीं निमूटपणें काढून ठेवी. थोरलीच्या तारा दीड वर्षांत निघाल्या. धाकटीला आणखी आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांचा खर्च आम्हीं मुकाट्यानें दिला. सोसण्याची संवय आम्हांसही आहेच.

त्या वाढीव महिन्यांतली एक गोष्ट. नवी जाड तार बसविल्याच्या दुसऱ्या दिवशीं बाईंनीं धाकटीला बोलावलें, आणि एक रेघ काढलेला कागद तिच्यापुढें ठेवला. तिनें पेन घेतलें, आमच्याकडे पाहिलें, आणि डाव्या टोंकाजवळ खूण केली. बाईंनीं कागदाकडे पाहिलें, मग आमच्याकडे.

“काका, तुम्ही जरा बाहेर बसतां का?”

आम्ही बांकावर जाऊन बसलों. दहा मिनिटांनीं दार उघडलें. टेबलावरच्या कागदावर पहिली खूण खोडलेली होती, आणि नवी रेघेच्या मध्याच्या बरीच पलीकडे होती. धाकटी आमच्याकडे न पाहतां चपला घालीत होती.

फडके रोडवर आल्यावर आम्हीं विचारलें, “फार दुखतें का ग?”

“हो,” ती म्हणाली. आणि कुठें दुखतें, कसें दुखतें, घास कोणत्या बाजूनें चावतां येत नाहीं, हें सगळें ती गणपतीच्या देवळापर्यंत सांगत राहिली.