तीन गाठी

वार्डोला पोचेपर्यंतच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बर्गनहून बोटीत बसले आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला जात राहिले. फियॉर्ड सुंदर होते, पण मला डोंगरांपेक्षा बंदरं आवडतात. माझं माहेर सातपाटीचं. ज्या किनाऱ्याला मासळीचा वास नाही, तिथे माझं मन लागत नाही.

वार्डो हे नॉर्वेच्या ईशान्य टोकाचं छोटं बेट. नकाशात ते इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे. पहाटेच्या अंधारात उतरले. मार्च महिना, वारा असा की तोंड उघडवत नव्हतं. थोडं उजाडल्यावर स्टाइलनेसेटच्या दिशेनं चालत निघाले, आणि दुरून समुद्राकाठी लाकडी खांबांची लांबलचक रांग दिसली. मासळी वाळवायची जागा, असंच वाटलं मला. आमच्याकडे बांबूच्या दांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगतात, इथे कॉड शेपटीला शेपटी बांधून जोडीनं टांगतात. जवळ गेले तर खांबांच्या मधोमध मासळी नव्हती. पांढऱ्या कापडाचा बोगद्यासारखा तंबू ताणून बांधलेला होता.

ही स्मारकवास्तू पीटर झुमथोर या स्विस वास्तुकारानं उभी केली, २०११ मध्ये. मासळीच्या मांडवावरूनच त्याला ती सुचली. आत १२५ मीटर लांबीची काळोखी वाट आहे. भिंतींना ९१ छोट्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एक साधा दिवा. शेजारी रेशमी कापडाची पट्टी आणि तिच्यावर एका माणसाचा मजकूर: नाव, आरोप, कबुली, शिक्षा. इतिहासकार लिव हेलेने विलुमसेन यांनी न्यायालयाच्या जुन्या दप्तरांतून तो तयार केला. सतराव्या शतकात फिनमार्क प्रांतात जादूटोण्याच्या आरोपावरून ९१ माणसांचा जीव घेतला गेला. ७७ बायका आणि १४ पुरुष. तेव्हा या अख्ख्या प्रांताची वस्तीच तीनेक हजार होती.

शेजारच्या काळ्या काचेच्या खोलीत लुईझ बुर्जुआ या शिल्पकार बाईंची रचना आहे. लोखंडी खुर्चीच्या बैठकीतून ज्वाळा निघत राहतात आणि भोवतीच्या सात गोल आरशांत उमटतात. नावाजलेलं काम आहे, पण मी तिथे थांबू शकले नाही. मला ते दिवेच पुरेसे होते. परत आत गेले आणि न समजणारी नॉर्वेजियन अक्षरं एकेक करून वहीत उतरवत बसले. चार पट्ट्या झाल्या तेव्हा बोटं हलेनाशी झाली होती.

जिथे उतरले होते त्या घरच्या बाई सत्तरीच्या पुढच्या. वडील मच्छीमार, नवरा मच्छीमार. दुपारी त्यांनी मला जेवायला बसवलं. उकडलेला कॉड, शेजारी त्याचीच गाबोळी आणि काळीज. या जेवणाला ते मोल्ये म्हणतात आणि ते हिवाळ्यातच होतं. तिखट नाही, हळद नाही, तरी मी दोनदा वाढून घेतलं. ताज्या मासळीला मसाल्याची गरज नसते हे माझी आई म्हणते, पण स्वतः कधी मसाला टाकल्याशिवाय राहत नाही. खिडकीला पडदा नव्हता आणि काचेपाशी एक छोटा दिवा जळत होता. मी त्याच्याकडे बघतेय हे बाईंच्या लक्षात आलं. ‘‘इथे प्रत्येक घरात असतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिथले दिवे आमच्याच खिडक्यांवरून घेतलेत.’’

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला आणि ताटं तशीच ठेवून इंग्रजीत सांगू लागल्या.

पहिली पट्टी एल्से क्नुट्सदातरची, १६२१ ची. तिची कबुली अशी, की तिनं आणि इतर बायकांनी मासेमारीच्या दोरीला तीन गाठी मारल्या, त्यांवर थुंकल्या आणि गाठी सोडल्या. मग समुद्र उसळला आणि माणसं गेली. बाई थांबल्या. ‘‘१६१७ ची नाताळची आदली रात्र,’’ त्या म्हणाल्या. त्या दिवशी समुद्रात असलेल्या बोटींवर अचानक वादळ आलं. वार्डो आणि शेजारच्या किबर्ग गावच्या दहा बोटी बुडाल्या, चाळीस माणसं परतली नाहीत.

चाळीस. छोट्या बंदरात चाळीस पुरुष म्हणजे किती चुली, याचा हिशेब मला कुणी सांगायची गरज नव्हती. वादळाच्या रात्री काठावर उभ्या राहणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत.

गाठींची ही विद्या एल्सेनं शोधलेली नव्हती. उत्तरेचे लोक वारा विकतात, हे युरोपभरच्या खलाशांना तेव्हा ठाऊक होतं. दोरीला तीन गाठी. पहिली सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा, तिसरी मात्र कधी सोडायची नाही. ही विद्या मुख्यतः इथल्या मूळच्या सामी लोकांची मानली जाई आणि कित्येक जण ती त्यांच्याकडून पैसे देऊन घेत. पण किनाऱ्यावरच्या खटल्यांत ह्या साध्या वाऱ्याच्या जादूला सैतान येऊन चिकटला. डेन्मार्क-नॉर्वेच्या राजा चौथ्या ख्रिश्चनचा १६१७ चा जादूटोण्याविरुद्धचा कायदा १६२० मध्ये फिनमार्कमध्ये जाहीर झाला. तेव्हा इथला राजप्रतिनिधी होता जॉन कनिंगहॅम, स्कॉटलंडचा. त्याच्या देशात सैतानाशी करार करणाऱ्या चेटकिणींचे खटले आधीच चालले होते. आता वार्डोच्या कबुल्यांतही तोच करार, तीच गुप्त सभा, तेच उडत जाणं आलं. मारी योर्गेन्सदातरनं सांगितलं, की सैतानानं तिला कोल्ह्याचं रूप दिलं आणि नाताळच्या रात्री बर्गनजवळच्या लिडरहॉर्न डोंगरावर नेलं. जे अंतर तोडायला माझ्या बोटीला इतके दिवस लागले, ते एका रात्रीत! तिच्याकडून हे कसं वदवून घेतलं असेल, या विचारानं माझा घास अडला.

काहींची पाण्यात परीक्षा झाली. हात-पाय बांधून बर्फासारख्या समुद्रात सोडायचं. तरंगली तर दोषी, कारण पाणी पवित्र आणि ते पाप्याला पोटात घेत नाही. १६६२-६३ मध्ये तर मुलींवरही खटले चालले. त्यातली कारेन इव्हर्सदातर आठ वर्षांची होती. त्या मुली सुटल्या.

‘‘आणि अँडर्स पोल्सेन?’’ बाईंनी स्वतःहूनच नाव काढलं. शंभरीच्या आसपासचा सामी म्हातारा. त्याच्याकडे देवांची आणि प्राण्यांची चित्रं काढलेला ढोल होता. तो वाजवून पुढचं जाणायचं ही त्यांची पूजाच होती. १६९२ मध्ये वाड्सोच्या न्यायालयात त्यानं एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला, ढोल वाजवूनही दाखवला. निकाल लागण्याआधीच, कोठडीत असताना, वेड्या माणसानं कुऱ्हाडीनं त्याचा जीव घेतला. ढोल डेन्मार्कच्या राजाकडे गेला. सामी लोकांना तो हक्कानं परत मिळाला तो २०२२ मध्ये.

बाईंनी वही मिटली. ‘‘तुमच्याकडे आहे का असं?’’

मी आधी नारळी पौर्णिमेचं सांगितलं. पावसाळा सरत आला की कोळी समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. त्या हसल्या. त्यांच्या वडिलांच्या बोटीवर कुणी शीळ घालायची नाही, वारा येतो म्हणून, असं त्यांनी सांगितलं.

मग दुसरं सांगितलं. माझी आई सुकी मासळी घेऊन डोंगराकडच्या पाड्यांवर जायची, मी सोबत असायचे. एका पाड्यावरची बाई नेहमी आमच्याकडून बोंबील घ्यायची. मला हातावर करवंदं द्यायची. एके वर्षी त्या पाड्यावर ताप आला, एक पोर गेलं. भगतानं तांदळाचे दाणे टाकून पाहिले आणि तिचं नाव घेतलं. भुताळी. पुढच्या आठवड्यात ती बाजाराला आली नाही, पुन्हा कधीच आली नाही. आई त्या पाड्याकडे जायची बंद झाली आणि मी का विचारलं तर रागावली. सातपुड्यात अशा बायकांना डाकीण म्हणतात. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, असंही मी सांगितलं. त्यासाठी कित्येक वर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्टला खून झाला आणि त्याच वर्षी कायदा आला.

‘‘कुठल्या वर्षी?’’

‘‘२०१३.’’

‘‘दोन हजार तेरा?’’ त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. त्या उठल्या, ताटं उचलली आणि बराच वेळ नळाखाली धूत राहिल्या.

पुढचे चार दिवस किर्केनेस आणि परतीच्या प्रवासात गेले. ध्रुवप्रकाश एकदा दिसला.

वार्डोहून निघताना बाईंनी सुक्या कॉडची एक जोडी कागदात गुंडाळून दिली होती. सातपाटीला आईनं ती हातात धरून उलटसुलट पाहिली, वास घेतला. ‘‘मीठ नाही लावत?’’ नाही, म्हटलं, नुसता वारा. तिला ते पटलं. मग तिनं विचारलं, की इतक्या लांब काय पाहिलंस. मी वही काढली. कबुल्या तिला वाचून दाखवायचं धैर्य झालं नाही, म्हणून नावं वाचली. तिनं माझ्यामागून म्हणून पाहिली. कारेन जमलं, मारी जमलं. आडनावं जमेनात. एल्से ती दोनदा म्हणाली, आणि मग तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न विचारता, त्या पाड्यावरच्या बाईचं नाव घेतलं.