काकांचा कोट आणि घरचा कुकर

ट्रेकचं म्हणून वेगळं सामान असतं, ही गोष्टच आमच्या घरांना ठाऊक नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गिरगाव-दादरच्या चाळींत, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आणि पुण्याच्या वाड्यांत जी मुलं वाढली, शनिवारी कॉलेज किंवा ऑफिस सुटलं की राजमाचीला नाहीतर हरिश्चंद्रगडाला पळू लागली, त्यांच्या पाठीवर जे काही असायचं ते मुळात दुसऱ्याच कामाचं असायचं. पातेलं दुधाचं, चादर धाकट्या भावाची, तीन सेलची विजेरी वडिलांची, पंचा आजोबांचा. सोमवारी सकाळी ज्याची वस्तू त्याला जिथल्या तिथे मिळाली पाहिजे, एवढीच अट. त्यामुळे सॅक भरणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. ज्याची वस्तू जायची, तो समोर उभा.

वडील विजेरीतले सेल काढून उलटसुलट घालून द्यायचे, वाटेत चुकून बटण दाबलं गेलं तरी सेल उतरू नयेत म्हणून. आजी बटव्यातून सुंठ, ओवा, हिंग यांच्या पुड्या काढायची आणि प्रत्येक पुडीवर काय आहे ते कुणाकडून तरी लिहून घ्यायची, कारण अंधारात पोट दुखायला लागल्यावर वासाने ओळखत बसायला कोणाला वेळ असतो? कैलास जीवनची डबी तर न सांगताच आत पडायची. उन्हाने कातडी भाजली, टाचेला फोड आला, विळीने बोट कापलं, ओठ फुटले, सगळ्याला तेच. आणि आई दशम्या करायची. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, पोळीचं तसं नाही. बरोबर शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी, गुळाचा खडा, मेतकूट. तेल सुटणारं लोणचं कधीच नाही. ते एकदा कोणाच्या तरी सॅकमध्ये सांडलं होतं आणि मग त्या घरातल्या चादरीला पुढे कित्येक दिवस कैरीचा वास येत होता, ही कथा प्रत्येक चाळीत, प्रत्येक वेळी वेगळ्या मुलाच्या नावावर सांगितली जायची.

खुद्द सॅक मिळवणं हेही एक प्रकरणच होतं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात, लष्करातून निघालेला माल यायचा. जाड खाकी कॅनव्हासच्या त्या पिशव्या रिकाम्या असतानाच जड असत. पट्टे खांद्यात रुतले की त्याखाली मोज्यांच्या घड्या सरकवायच्या. ज्यांना तेही परवडायचं नाही, ते होल्डॉललाच दोर बांधून पाठीवर टाकत. पायात हंटर शूज. त्यांचा रबरी तळवा कातळावर धरून ठेवायचा आणि बाकी बाबतीत पायाचे हाल करायचा. फोड येऊ नयेत म्हणून मोज्याला आतून कोरडा साबण घासायचा, हा तोडगा कोणी शोधून काढला देवजाणे, पण तो चालायचा.

पावसाळ्यात सगळा हिशेब बदलायचा. शाळेतला डकबॅकचा रेनकोट घालून गेलेला मुलगा पहिल्या तासाभरातच शहाणा व्हायचा, कारण कड्यावरचा पाऊस वरून पडत नाही, दरीतून वर येतो. अंग भिजणार हे एकदा कबूल केलं की उरतं ते सामान कोरडं ठेवणं. त्यासाठी घरात आधी आठवडाभर तयारी चाले. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, उलट्या करून, दोरीवर वाळत घातलेल्या असायच्या. एकीत कपडे, एकीत तांदूळ, एकीत डाळ. खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक मिळालं तर चैनच, अख्खी सॅक त्यात बसे. काड्यांची मात्र सर्वांत जास्त काळजी. फोटोग्राफरकडून कॅमेऱ्याच्या रिळाच्या रिकाम्या डब्या मागून आणायच्या, घट्ट झाकणाच्या. एका डबीत मीठ, एकीत तिखट आणि एकीत काड्या. पेटीची घासायची बाजू कापून तीही त्याच डबीत. ती विसरली की काड्या कोरड्या असूनही चूल थंड राहते.

वासोट्याकडे जायचं असेल तर मीठ-तंबाखूची पुरचुंडी वेगळी. कोयनेच्या जंगलात पावसात जळवा पायाला कधी लागतात ते कळतही नाही. ज्या घरात तंबाखूला बंदी, तिथे आई स्वतः शेजारच्यांकडून ती मागून आणायची आणि देताना चेहरा असा करायची की मुलगा हाती लागण्याच्या पलीकडे गेलाय.

आमच्या रेनकोटांना हसायचे ते गडाखालच्या वाडीतले लोक. त्यांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. मेंढीच्या लोकरीत मुळातच तेलकटपणा असतो, त्यामुळे पाणी वरून ओघळतं. आणि लोकर ओली झाली तरी ऊब टिकवते, सुती कापड मात्र भिजल्यावर उलट अंगातलीच ऊब शोषून घेतं. हे शास्त्र आम्हाला फार उशिरा समजलं. वाडीवर ते आधीपासूनच माहीत होतं. मग आमच्यातल्या काहींनी घोंगडी घेतली. सणगर विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते, आणि पहिल्या पावसात तिचा जो वास सुटतो त्यावर घरी जाहीर मतभेद व्हायचे. बहुतेक घोंगड्या जिन्याखाली राहिल्या.

उन्हाळ्यात वजन फक्त पाण्याचं. जाड कॅनव्हासची छागळ खांद्याला अडकवली की तिच्या अंगातून पाणी पाझरायचं, वाऱ्याने उडायचं आणि आतलं थंडगार राहायचं. पितळेचा फिरकीचा तांब्याही असायचा, पण तो आजोबांच्या काशीयात्रेचा, त्यामुळे सहसा मिळायचा नाही. आमसुलं, लिंबू, मीठ, गूळ. खिशात एक कांदा, ऊन बाधू नये म्हणून; त्याने ऊन बाधायचं थांबलं का ते माहीत नाही, पण दुपारी भाकरीबरोबर तो कामाला यायचा. आणि पंचा. या सगळ्या यादीत मला मानाचं पान द्यायचं झालं तर मी आजोबांच्या पंचाला देईन. डोक्याला गुंडाळा, अंग पुसा, त्यातून गढूळ पाणी गाळा, गरम पातेलं उचला, मुरगळलेला पाय बांधा.

खरी पंचाईत व्हायची ती हिमालयाची. यूथ हॉस्टेलचे ट्रेक मे महिन्यात असत. नाव नोंदवलं की सायक्लोस्टाइल केलेली यादी पोस्टाने घरी यायची आणि ती वाचून घर सुन्न व्हायचं. लोकरी मोजे, कानटोपी, हातमोजे, जाड स्वेटर, गरम कोट, काळा गॉगल. मुंबईच्या घरात लोकर असायची ती फक्त तान्ह्या बाळाच्या टोपड्यात. आम्ही कळसूबाई चढून महाराष्ट्राच्या माथ्यावर पोचलो म्हणून फुशारकी मारायचो, ती १६४६ मीटरची. मनालीचा बाजारच त्याहून सुमारे चारशे मीटर उंच. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे बर्फाच्या खिंडीत रात्री काय होईल याचा हिशेब कागदावर करता यायचा. पण घामाने अंगाला चिकटलेल्या बनियनमध्ये बसून तो खरा वाटायचा नाही. रस्त्याकडेला स्वेटर विकणारे तिबेटी लोक थंडी संपताच दुकानं आवरून गेलेले. मग आई, मावशी, आत्या एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली लोकर विणत बसायच्या. दर दोन दिवसांनी माप घ्यायला स्वेटर अंगात चढवावा लागे, तेव्हा घामोळ्यांची आठवण व्हायची. एरवी कोणी न घालणारी माकडटोपी त्या महिन्यात चाळीत सगळ्यांच्या डोक्यावरून फिरून यायची, हसण्यासाठी.

कोट मात्र विणता येत नाही. आमच्या चाळीत तो एकच होता, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. ते नोकरीत दोन-तीन हिवाळे दिल्लीला होते, तेव्हा शिवलेला. राखाडी, जाडजूड, आतून अस्तर, कॉलर कानापर्यंत येणारी. डांबराच्या गोळ्या घालून तो वर्षभर ट्रंकेत असायचा आणि मे महिन्यात हिमालयात. काका स्वतः महाबळेश्वरच्या वर कधी गेले नाहीत, त्यांचा कोट मात्र कुलू, मनाली, उत्तरकाशी, सगळीकडे जाऊन आला. मागायला मुलाने एकट्याने जायचं नाही, आईला बरोबर घेऊन जायचं. काकू कोट उलगडून बटणं मोजून दाखवायच्या, कुठे रफू केलंय ते दाखवायच्या आणि वहीत नाव लिहून घ्यायच्या. मुलगी मागायला आली तर काकूंचे प्रश्न दुप्पट. बरोबर कोण आहे, तंबू वेगळे आहेत ना, परत कधी. काका शेवटी एकच विचारायचे: "बर्फ हातात धरला की चटका बसतो म्हणतात, खरं का गं?" ती जाऊन आल्यावर त्यांना त्याचं उत्तर द्यायची, आणि पुढच्या वर्षी पुढच्यालाही ते हेच विचारायचे.

एवढ्या मानाने घेतलेला तो कोट पहिले दोन दिवस नुसता छळायचा. सेकंड क्लासचा डबा, मे महिना, खिडकीतून तोंडावर येणारी लू. सॅकमध्ये तो मावायचा नाही, म्हणून मांडीवर घेऊन बसायचं किंवा रात्री उशाला घ्यायचं. शेजारचा प्रवासी विचारायचाच, की बाबा रे, हे काय? आणि मग तंबूतल्या पहिल्या रात्री, पहाटे तीनच्या सुमाराला, घरी दाखवलेली ती सगळी बटणं एक एक करून लावली जायची.

कोटाइतकाच वाद कुकरचा. स्वतःची स्वतः सोय करून जाणाऱ्या टोळ्यांना तो न्यावाच लागे. उंचीवर हवेचा दाब कमी, तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, आणि तसल्या पाण्यात डाळ तासन्‌तास नाचते, शिजत नाही. हे घरी समजावून सांगायचं म्हणजे आईला पंधरा दिवस पातेल्यात वरण करायला सांगायचं. ती ऐकून घ्यायची, वायसर नवं आहे का ते बघायची, जुनं एक जादा द्यायची, आणि शिट्टी रुमालात वेगळी बांधून. काही आया मात्र ठाम नाही म्हणाल्या, त्यांच्या मुलांनी हिमालयात सातू खाल्ला.

परत आल्यावर सॅक घरात नाही, गॅलरीत उघडायची. चुलीवर ठेवण्याआधी भांड्याला बाहेरून चिखल-राखेचा लेप दिलेला असेल तर काजळी एका हाताने निघायची. दिलेला नसेल तर ते पातेलं बघून आई काही बोलायची नाही, आणि ते जास्त वाईट. चादरींना धुराचा वास, दोन धुण्यांनंतरही न जाणारा. आजोबा पंचा उन्हात धरून भोकं शोधायचे.

आता नातवंडांच्या सॅका बघतो. पिसासारखी जाकिटं, तासाभरात वाळणारे शर्ट, कपाळावर बांधायचे दिवे, बाटलीएवढा होणारा तंबू. चांगलंच आहे सगळं. आमच्या कॅनव्हासच्या सॅका जास्त मजबूत होत्या वगैरे जे काही जण म्हणतात ते मला पटत नाही. त्या वाईटच होत्या, आणि ओल्या सुती पॅंटी घालून आम्ही ज्या थंड्या काढल्या त्यात शौर्य काही नव्हतं. फरक आहे तो इतकाच, की या नव्या सामानाला घरातलं कोणी ओळखत नाही. ते वेगळ्या कपाटात राहतं, नात रात्री दार लावून सॅक भरते आणि सकाळी निघते. कुठे चाललीस ते मी फोनवरच्या फोटोंवरून ओळखतो.

काकांच्या कोटाचं म्हणाल तर तो हरवला. त्यांनी खोली विकली, मुलाकडे विरारला गेले, तेव्हा कोट त्यांच्या ट्रंकेत नव्हता. शेवटचा तो कोणी नेला यावर आम्ही जुने लोक भेटलो की हमखास वाजतं. पहिल्या मजल्यावरचा म्हणतो तळमजल्यावरच्याने, तळमजल्यावरचा म्हणतो काकूंची वही आणा. वही काकूंनी जपून ठेवली आहे असं ऐकतो. पण ती मागायला विरारला जायला अजून एकही जण तयार झालेला नाही.