कमी धोक्याच्या गावातलं घर

ती. दादा,


परळीत भूकंप होत नाही, मग घराच्या विम्यावर पैसे का घालायचे, असं तुम्ही लिहिलंत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपापर्यंत किल्लारीलाही कमी धोक्याचंच मानलं जात होतं. त्या वेळच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होती. गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसं पहाटे चारच्या सुमारास ढिगाऱ्याखाली गेली. पुढे 2002 साली भूकंपाचा नकाशा सुधारताना तो पहिला झोनच काढून टाकला. आपल्या काळ्या पाषाणाखाली दडलेल्या जुन्या भेगा वरून दिसत नाहीत, म्हणून एखाद्या गावाची आजवरची शांतता ही पुढची हमी धरता येत नाही. किल्लारी परळीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, आणि 2024 च्या मार्चमध्ये नि जुलैमध्ये हिंगोलीकडे साडेचार तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसलेच.

तरीही शक्यता कमीच, हे मी मान्य करतो. पण विमा घ्यायचा तो नेमका अशाच गोष्टीसाठी. छत गळणं दर पावसाळ्याचं, ते खिशातून भागवावं. जे क्वचित घडतं पण घडलं तर आयुष्याची कमाई एका मिनिटात नेतं, ते एकट्या कुटुंबाला पेलत नाही; आणि ते क्वचित घडतं म्हणूनच त्याचा हप्ता परवडतो.

सरकार मदत करतं, हा तुमचा दुसरा मुद्दा. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून फार मोठं पुनर्वसन झालं, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण नव्यानं वसवलेल्या गावांत घर 250, 450 की 750 चौरस फुटांचं, हे ठरलं शेतजमिनीवरून; पडलेला वाडा किती खणांचा होता यावरून नाही. सरकार निवारा देतं, गेलेलं घर भरून देत नाही. बँकेनं कर्जासोबत विमा उतरवलाय म्हणता, तो कागद काढून बघा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. घर पडलं आणि माणूस वाचला, तर त्यातून काही मिळत नाही.

1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच धाटणीची पॉलिसी आहे. तिच्यात भूकंप मुळातच धरलेला आहे, वेगळा जोडावा लागत नाही. विम्याची रक्कम ठरवताना प्लॉटची किंमत धरू नका. घराचं कार्पेट क्षेत्रफळ आणि आजचा बांधणीचा दर यांचाच गुणाकार करा. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं.

मात्र तुमच्या घराच्या पुढच्या खोल्यांचा विचार आधी करा. किल्लारीत माणसं मेली ती अशाच बांधणीनं: मातीत रचलेल्या दुपदरी दगडी भिंती, दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाच्या मातीचं वर्षानुवर्षं वाढत गेलेलं ओझं. विम्याचे पैसे त्या खोलीत झोपलेल्याच्या कामाचे नाहीत. माळवद उतरवून पत्रा टाकायचा खर्च हप्त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, तरी तो आधी करा; तोवर मुलांना मागच्या स्लॅबच्या खोलीत झोपवा. आणि पॉलिसीवर सही करण्यापूर्वी दगड-मातीच्या बांधकामाचा दावा मान्य होईल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ