पटावरचा डावा हात

‘पँडेमिक’ या खेळात पत्ते लावण्याची एक ठरलेली रीत आहे. खेळाडूंना सुरुवातीची पानं वाटून झाली, की उरलेल्या कॅटचे चार, पाच किंवा सहा सारखे ढीग करायचे, प्रत्येक ढिगात साथीचं एकेक पान घालायचं, ढीग वेगवेगळे पिसायचे आणि मग एकावर एक रचायचे. मॅट लीकॉक यांच्या २००८ सालच्या या खेळाची सगळी रंगत त्या रचनेत आहे. साथ येणार हे ठाऊक असतं, साधारण किती पानांच्या आत येणार याचाही अंदाज असतो, पण नेमकी कधी ते कळत नाही. हाच डाव संगणकावर ‘टेबलटॉप सिम्युलेटर’मध्ये मांडला आणि माउसचा बाण त्या कॅटवर असताना कुणाचं बोट चुकून ‘आर’वर पडलं, तर अख्खी कॅट क्षणात पिसली जाते. ढिगांची रचना गेली. साथीची तीन पानं आता लागोपाठही येऊ शकतात. पट तसाच दिसतो, पानंही तेवढीच असतात, आणि ज्याचं बोट पडलं त्याच्याशिवाय कुणाच्या हे लक्षात येईलच असं नाही.

ऑनलाइन पटखेळांच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण कशासाठी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही, हे दाखवायला एवढं एक ‘आर’ पुरे.

बर्सर्क गेम्सचं टेबलटॉप सिम्युलेटर २०१५ मध्ये स्टीमवर आलं. त्याचा नियम सरळ आहे: बाण ज्या वस्तूवर, आज्ञा त्या वस्तूला. ‘आर’ दाबलं की कॅट पिसली जाते, बाणाखाली फासा असेल तर तो टाकला जातो. ‘एफ’ने पान उलटतं, ‘क्यू’ आणि ‘ई’ने वस्तू फिरते, ‘जी’ने सुटी पानं एका गठ्ठ्यात येतात, ‘एल’ने वस्तू पटावर पक्की बसते. कॅटवर बाण नेऊन ‘३’ दाबा, तीन पानं हातात येतात. आधी निवडा, मग मेनू उघडा, मग त्यातली ओळ शोधा, ही सगळी खटपट एका दाबण्यात उरकते.

या मांडणीची मुळं जुनी आहेत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी जगाला माउस दाखवला, ते प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. त्या वेळी त्यांच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक छोटं यंत्रही होतं. त्याची आठवण मात्र फारशी निघत नाही. उजव्या हाताने जागा दाखवायची आणि डाव्याने काम सांगायचं, ही त्यांची वाटणी. पुढे कार्यालयातल्या संगणकावर दोन्ही हात टंकलेखनात गुंतले आणि ती मागे पडली. पटखेळात ती जशीच्या तशी परत आली, कारण खऱ्या टेबलावरही आपण असेच खेळतो. एक हात सोंगटीवर, दुसरा पानांवर.

शॉर्टकट सुधारायचे तर सुरुवात या डाव्या हातापासून करावी लागते, असं माझं ठाम मत आहे. त्याला मोजमापाचाही आधार आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये संगणकावरच्या हालचालींना लागणाऱ्या वेळेचं एक प्रारूप मांडलं. बेताच्या वेगाने टंकणाऱ्याला एक बटण दाबायला ०.२८ सेकंद लागतात. माउसने पडद्यावरच्या एखाद्या जागी जायला १.१ सेकंद. हात माउसवरून कीबोर्डवर किंवा तिथून परत माउसवर न्यायला ०.४ सेकंद. आता पान उलटण्याचा हिशेब करा. उजवं क्लिक करून मेनूतल्या ओळीपर्यंत पोहोचायलाच १.१ सेकंद जातात, ‘एफ’ने ते काम ०.२८ मध्ये होतं. पण ‘एफ’च्या जागी कुणी ‘पी’ ठरवलं असतं, तर उजवा हात माउस सोडून जाणार आणि परत येणार. तिथेच ०.८ सेकंद खर्ची पडतात आणि निम्म्याहून अधिक फायदा संपतो. एका संध्याकाळच्या डावात पान उलटणं, ओढणं, फिरवणं या गोष्टी सतत चालू असतात. त्या क्यू, ई, आर, एफ, जी आणि डावीकडच्या आकड्यांवर असणं म्हणूनच योग्य आहे. ‘एल’ दूर आहे, पण वस्तू पक्की करण्याचं काम पट मांडताना एकदा होतं. ते दूर असलेलंच बरं. नवं सॉफ्टवेअर बनवणारे पुष्कळदा उलट करतात. इंग्रजी शब्दाचं आद्याक्षर उचलतात आणि ते कीबोर्डवर कुठे आहे हे पाहतच नाहीत.

जवळच्या बटणांचा धोका सुरुवातीच्या उदाहरणात दिसलाच: जे सहज दाबता येतं, ते चुकूनही दाबलं जातं. आयबीएमच्या १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरवर काम करताना डेव्हिड ब्रॅडली यांनी संगणक पुन्हा सुरू करण्यासाठी आधी कंट्रोल-ऑल्ट-एस्केप ठरवलं होतं. कीबोर्डच्या डाव्या बाजूला धक्का लागला तरी ते घडू शकतं, हे लक्षात आल्यावर एस्केपच्या जागी पार उजवीकडचं डिलीट आलं. त्या कीबोर्डवर दोन हात वापरल्याशिवाय ते जमतच नसे. पटखेळात हीच काळजी कॅट पिसण्याला हवी. खेळाची फाइल बनवणाऱ्याला ‘ही कॅट रचलेली आहे’ अशी खूण करता यावी, आणि तशा कॅटवर ‘आर’ क्षणभर दाबून धरल्याशिवाय काहीच होऊ नये. विचारणा करणारी चौकट नको. चौथ्या वेळी लोक ती न वाचताच ‘हो’ म्हणतात.

‘चूक झाली तर मागे जाता येतंच की’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-झेड आपलीच चूक पुसतं. पटावर चौघे एकदम हालचाल करत असतात, त्यामुळे पूर्ण पट मागच्या क्षणावर नेला की इतर तिघांचं मधलं कामही जातं. शिवाय पालथं पान एकदा सर्वांनी पाहिलं, की ते पुन्हा पालथं करून काय उपयोग? गप्पांच्या चौकटीत लिहितो आहोत असं समजून माणूस ओळ टंकत जातो, प्रत्यक्षात कीबोर्ड पटाला जोडलेला असतो, आणि वाक्यातल्या पहिल्या ‘एफ’ला विरोधकासमोर पान उताणं पडतं. कीबोर्ड या क्षणी कुणाचा, गप्पांचा की पटाचा, हे पडद्यावर ठळक दिसायलाच हवं.

टेबलटॉप सिम्युलेटरमधलं मला सर्वांत आवडणारं बटण ऑल्ट. ते दाबून धरलं की बाणाखालचं पान मोठं दिसतं. सोडलं की पूर्ववत. जेफ रास्किन यांनी ‘द ह्युमेन इंटरफेस’ या २००० सालच्या पुस्तकात अशा दाबून धरण्याच्या अवस्थांचा पुरस्कार केला होता. बोट खाली आहे तोवर आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे शरीरालाच माहीत असतं, त्यामुळे माणूस त्यात अडकून पडत नाही. मोजपट्टी दाखवणं, इतरांना पटावरची जागा दाखवणं, सोंगट्यांची नावं उमटवणं या सगळ्यांना हाच न्याय लावता येतो.

रोल२० आणि फाउंड्री ही अशीच सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतात, तिथे अडचणी वेगळ्या. क्रोममध्ये कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-टी, कंट्रोल-एन ही ब्राउझरची राखीव बटणं. साध्या टॅबमध्ये कुठलंही वेबपान ती आपल्याकडे घेऊ शकत नाही. ज्या खेळात ‘डब्ल्यू’ने सोंगटी पुढे जाते आणि कंट्रोलचाही वापर आहे, तिथे भर डावात टॅब बंद होण्याची भीती असते. कंट्रोलच्या जोड्या टाळणं हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

मराठी खेळाडूंसाठी महत्त्वाचा प्रश्न लिपीचा आहे. समजा, गप्पांच्या चौकटीत कुणी मराठीत लिहिलं आणि इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मराठी मांडणी तशीच चालू राहिली. आता ‘एफ’चं बटण दाबलं तर संगणकाला ऱ्हस्व वेलांटी मिळते, ‘आर’ला दीर्घ वेलांटी, ‘एल’ला ‘त’. सॉफ्टवेअर अक्षराची वाट पाहत असेल तर सगळे शॉर्टकट एकदम मुके होतात, आणि खेळाडूला वाटतं कीबोर्ड बिघडला. ब्राउझर प्रत्येक दाबण्याबरोबर दोन गोष्टी कळवतो: उमटणारं अक्षर आणि बटणाची जागा. जागा पाहिली तर ‘एफ’ हे कुठल्याही लिपीत ‘एफ’च राहतं. मात्र सरसकट जागा धरली तर फ्रेंच कीबोर्डवर गोंधळ होतो, कारण तिथे ‘ए’ आणि ‘क्यू’ यांची अदलाबदल आहे. बटणावर छापलंय एक आणि घडतंय दुसरं. म्हणून हालचालीच्या बटणांना जागा धरावी, आद्याक्षरावरून ठरलेल्यांना अक्षर धरावं, आणि अक्षर रोमन नसेल तेव्हा पुन्हा जागेकडे वळावं. काही ओळींचं काम आहे. उच्चारानुसार टंकणाऱ्यांसाठी आणखी एक दक्षता: शब्द अजून जुळतो आहे अशी खूण ब्राउझर देत असेल, तोवर कुठलाही शॉर्टकट चालवू नये.

जून २०१८ मधल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या मानकात एकट्या अक्षराच्या शॉर्टकटवर स्वतंत्र निकष आहे. असे शॉर्टकट बंद करता यावेत, बदलता यावेत किंवा त्या त्या घटकावर लक्ष असतानाच चालावेत. बोलून संगणक चालवणाऱ्यांचे शब्द अक्षर अक्षर आज्ञा बनू नयेत, हे त्यामागचं एक मोठं कारण. दृष्टिहीन खेळाडूंची अडचण निराळी आहे. एनव्हीडीए हे पडदावाचक वेबपानावर ‘एच’, ‘के’, ‘एफ’ ही अक्षरं शीर्षकं, दुवे, फॉर्मचे रकाने शोधायला स्वतःकडेच ठेवतं, त्यामुळे ती खेळापर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय बाणाखालची वस्तू ही कल्पनाच त्यांना निरुपयोगी. लिचेस या संकेतस्थळावर बुद्धिबळाची चाल टंकून खेळता येते आणि दृष्टिहीनांसाठी वेगळी पद्धतही आहे. पटखेळांच्या सॉफ्टवेअरने तिथून पुष्कळ घ्यावं.

बटणं बदलण्याची मुभा ही चैन मानली जाते, ते मला पटत नाही. डाव्या हाताने माउस धरणाऱ्याला वरची सगळी मांडणी आरशासारखी उलटी हवी असते. फाउंड्रीच्या नवव्या आवृत्तीत, डिसेंबर २०२१ मध्ये, बटणं ठरवण्याची सामायिक व्यवस्था आली. तेव्हापासून पूरक मॉड्यूलची बटणंही त्याच यादीत दिसू शकतात. जुन्या व्हॅसलमध्ये, जे रॉडनी किनी यांनी ‘ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ या युद्धखेळासाठी केलेल्या कामातून वाढलं, प्रत्येक मॉड्यूलचा कर्ता आपापली बटणं ठरवतो, आणि खेळ बदलला की बोटांना नव्याने शिकावं लागतं. टेबलटॉप सिम्युलेटरची रीत मला सर्वांत रास्त वाटते: खेळाची फाइल बनवणारा फक्त कृतीचं नाव नोंदवतो, तिला बटण दिलेलं नसतं, ते खेळाडू स्वतः देतो. उणीव एवढीच, की ती यादी पर्यायांच्या मेनूत आत दडलेली आहे. डाव उघडताच ती एकदा समोर यावी, आणि उजव्या क्लिकच्या मेनूत प्रत्येक कृतीशेजारी तिचं सध्याचं बटण लिहिलेलं असावं.