वही मुलीच्या हाती राहू द्या

जून महिना उजाडतो, शाळा भरतात आणि थोड्याच दिवसांत मुलींच्या शाळांतून शालेय मंत्रिमंडळाची निवड होते. कुणी मुख्यमंत्री होते, कुणाकडे स्वच्छता येते, कुणाकडे ग्रंथालय, कुणाकडे क्रीडा. निवडून आलेल्या मुली हरखून घरी येतात. पण त्यांतली एखादी दहावीत असेल तर घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. “हे उद्योग कशाला? या वर्षी फक्त अभ्यास,” हे वाक्य आमच्या खराडीतील अनेक घरांतून मी ऐकले आहे. जणू नेतृत्व आणि अभ्यास ही एकाच खात्यातील रक्कम आहे आणि एकीकडे खर्च झाला की दुसरीकडे तूट आलीच पाहिजे. अडतीस वर्षे बँकेत हिशेब पाहण्यात गेलेल्या मला हा ताळेबंद पटत नाही. का पटत नाही, ते आपणांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे शालेय शिक्षण एका तालुक्याच्या गावी, मुलींच्या शाळेत झाले. नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली झाली. माझी तुकडी त्याच्या पुढच्या वर्षीची. त्या काळी शाळाशाळांतून ‘संचयिका’ नावाची बचत योजना चाले. मुलींनी खाऊच्या पैशांतून दहा पैसे, चार आणे, फार तर रुपया आणून भरायचा, त्याची नोंद वहीत आणि मुलीच्या छोट्या पासबुकात करायची आणि जमलेली रक्कम बाईंच्या देखरेखीखाली पोस्टात ठेवायची. नववीत असताना हे काम माझ्याकडे आले. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एक बाक मांडून मी बसत असे. पैसे घेणारी एक, वहीत लिहिणारी दुसरी आणि सुट्टी संपण्यापूर्वी दोघींची बेरीज जुळलीच पाहिजे, असा बाईंचा दंडक होता. पुढे बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, हे कळले तेव्हा मला त्यात नवल वाटले नाही.

दहावीचे वर्ष सुरू झाले आणि घरी कुजबुज सुरू झाली. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. आत्याबाईंचे म्हणणे असे, की मुलीने परीक्षा द्यावी, मग चांगले स्थळ पाहावे. तोवर पैशाअडक्याच्या भानगडी तिच्याकडे नकोत. आमच्या मुख्याध्यापिका बाई एका संध्याकाळी दुकानात आल्या. त्यांनी वाद घातला नाही. संचयिकेची वही वडिलांपुढे ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, “शेठजी, आपण व्यापारी आहात. आपणच एकदा तपासून पाहा.” वडिलांनी रात्री दुकानाची फळी लावल्यावर कंदिलाजवळ बसून वर्षभराच्या नोंदी पाहिल्या. पैशापैशाचा ताळा जुळत होता. वही मिटून ते आईला म्हणाले, “हिला पुढे शिकवू.” त्या तीन शब्दांनी माझे बीकॉम झाले, एमकॉम झाले आणि १९८२ साली मी बँकेत रुजू झाले. मला दहावीला पहिला वर्ग मिळाला, पण शाळेत माझा पहिला क्रमांक कधीच नव्हता. नुसते गुणपत्रक पाहून वडिलांनी काय ठरवले असते, हे मी सांगू शकत नाही. वहीने जे पटवून दिले, ते गुणांपलीकडचे होते.

मुलींच्या शाळेचे वैशिष्ट्य मला येथेच दिसते. तेथे बाके हलवायची असोत, ध्वनिक्षेपक लावायचा असो, स्नेहसंमेलनाचा जमाखर्च असो की परिपाठात पाचशे जणींसमोर उभे राहून बोलायचे असो, प्रत्येक काम मुलींनाच करावे लागते. ‘हे मुलांचे काम’ म्हणून बाजूला सरकायला जागाच नसते.

आपल्या पुण्याचा इतिहास याला साक्षी आहे. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. फुले दांपत्याच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या वयात आपण मुलींना निबंधाचे मुद्दे पाठ करायला लावतो, त्या वयात तिने आपल्या समाजाच्या वतीने प्रश्न विचारले. तिचा अभ्यास आणि तिचे नेतृत्व यांत फट कोठे होती? तो निबंध हा एकाच वेळी दोन्हींचा निकाल होता.

पुढे १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आदींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आपले हुजूरपागा. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जेथे होती, तेथे मुली इंग्रजी आणि गणित शिकू लागल्या. त्या अभ्यासक्रमाला त्या काळी लोकमान्य टिळकांसारख्यांचाही विरोध होता. मुलींना एवढे शिकवून करायचे काय, हा प्रश्न तेव्हा अगदी उघडपणे विचारला जाई. याच शाळेच्या वसतिगृहात ब्रह्मदेशात जन्मलेली एक सात वर्षांची मुलगी येऊन राहिली. तीच पुढे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे झाली.

हिंगण्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पार्वतीबाई आठवले ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. त्यांनी वयाच्या पंचविशीनंतर अक्षरे गिरवायला घेतली. विद्यार्थिनी म्हणून आलेल्या या बाईंनी पुढे आश्रमाचा कारभार सांभाळला, वर्गणीसाठी गावोगाव भाषणे दिली आणि त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आपल्या समाजात सोलापूरच्या पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या रूपाने तोच वसा चालवला, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

बँकेतील एक अनुभव नोंदवते. लिपिकाचा अधिकारी व्हायचे तर बढतीबरोबर बदली येई, बहुधा ग्रामीण शाखेत. माझ्या कित्येक मैत्रिणी माझ्याहून हुशार होत्या, विभागीय परीक्षांत त्यांना माझ्यापेक्षा अधिक गुण पडत. तरी बढतीचा कागद आला की त्या नकार लिहून देत. घरची अडचण खरी होतीच. पण त्यांच्याशी बोलताना जाणवे, की ‘चार माणसांचे काम माझ्या सहीने चालेल’ ही कल्पनाच त्यांना परकी होती. आयुष्यात तोवर त्यांच्या हाती कुणी वही दिलीच नव्हती. गुणवत्ता होती, तिला सही करण्याची सवय नव्हती.

आता आजचे सांगते. खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. तेव्हाची शेते जाऊन तेथे आयटी पार्कचे मनोरे उभे राहिले. त्यांपैकीच एका कचेरीत माझी सून काम करते. नात शहरातील मुलींच्या शाळेत जाते. गेल्या जूनमध्ये, दहावीच्या उंबरठ्यावर, ती शालेय मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री झाली. सूनबाई धास्तावली. तिची काळजी निराधार नव्हती: नगर रस्त्यावरून जाण्यायेण्यात मुलीचे दोन तास जातात, संध्याकाळी शिकवणी असते. आम्ही तिघी कागद घेऊन बसलो, आठवड्याचे तास मांडले आणि मंत्रिमंडळाच्या कामाला चार तास दिले. रविवारचा लांबलचक मोबाईल तेवढा वजावटीत गेला. तोही नातीनेच सुचवला.

त्या चार तासांत तिने एक गोष्ट केली. बीजगणितात अडखळणाऱ्या मुलींसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास ठेवला. ज्या मुलीला जो धडा येतो तिने तो समजावायचा. नात एकदा मला म्हणाली, “आजी, मला वर्गसमीकरणं येतात असं वाटत होतं. शिकवायला उभी राहिले तेव्हा कळलं, मी नुसती पाठ केली होती.” मग ती पुन्हा पुस्तकाकडे वळली. तिचे गुण चमत्काराने वाढले नाहीत, पण घटलेही नाहीत. आणि समजणे व पाठ असणे यांतील अंतर तिला पंधराव्या वर्षी उमगले. अनेकांना ते पदवीनंतरही उमगत नाही.

महाराष्ट्रात दहावीच्या निकालात मुली वर्षानुवर्षे मुलांच्या पुढे आहेत. त्या अभ्यासात कमी पडतील ही भीती आता आपण सोडायला हवी. निकालानंतर त्या कोठे पोहोचतात, याची काळजी करणे अधिक योग्य. म्हणून पालकांना एवढेच सुचवते. पद मिरवण्यापुरते असेल तर खुशाल नाही म्हणा. मात्र त्यात खरे काम असेल तर मुलीबरोबर बसून वेळेचा हिशेब मांडा आणि तो मुलीलाच लिहू द्या. शाळांनीही तीच ती चुणचुणीत मुलगी दरवर्षी पुढे न करता मागच्या बाकावरच्या मुलीला निदान एका सत्रासाठी ग्रंथालयाची वही सांभाळायला द्यावी. सुरुवातीला नोंदी वेड्यावाकड्या होतील, बेरीज दोनदा करावी लागेल. बाई शेजारी असतातच. पुढच्या जूनमध्ये आपल्या घरी अशी एखादी मुलगी हरखून आली, तर तिच्याकडे कोणते काम आले आहे, एवढे आधी विचारा आणि तिचे उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्या.